जुन्या अ‍ॅम्बेसिडर-पद्मिनीचे दिवे: बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा

पसरणी घाटात धुकं उतरलं की डिपर, म्हणजे हेडलाइटचा जवळचा झोत, पिवळट आणि थकलेला वाटतो. दुसऱ्या दिवशी दुकानातून १००/९० वॅटचे बल्ब येतात. दोन-चार दिवस बरे जातात, मग स्विचमधून जळका वास येतो, होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं आणि शेवटी 'सगळं वायरिंग बदलावं लागेल' असा निकाल लागतो. जुन्या गाड्यांच्या दिव्यांचं काम बहुतेक वेळा याच क्रमाने बिघडतं, कारण शोधाची सुरुवात बल्बपासून होते. बिघाड असतो सांध्यात आणि अर्थमध्ये, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत येतो त्या वाटेत.

खालचा क्रम अ‍ॅम्बेसिडर, प्रीमिअर पद्मिनी, जुनी जीप अशा १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. पायऱ्या गाळू नका. चौथी पायरी सोडून थेट आठवीवर उडी मारणारे सर्वांत जास्त पैसे घालवतात.

० – हत्यारं हाताशी घ्या

साधा डिजिटल मल्टिमीटर, २० व्होल्ट डीसीच्या खुणेवर. २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब होल्डरसकट, त्याला मीटर-दीड मीटरच्या दोन वायरी आणि टोकांना मगरचिमटे. हाच टेस्ट लॅम्प. दुकानात मिळणारा एलईडीचा टेस्टर या कामाला कुचकामी आहे: गंजलेल्या वायरीतून जाणाऱ्या चिमूटभर करंटवरही तो झक्क पेटतो आणि 'सप्लाय आहे' असं खोटं सांगतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून तो खोटं बोलू शकत नाही.

याशिवाय बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, व्हॅसलीन, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं) आणि ते दाबायची क्रिम्पिंग पक्कड, काही मीटर १.५ आणि २.५ चौ. मिमी ऑटो वायर. घरातल्या वायरिंगची एकतारी वायर गाडीत वापरू नका, थरथरीने ती आतून तुटते. आणि ब्रेकवर पाय ठेवायला एक माणूस हवा.

> सावधान: अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेली केबल आधी काढा आणि लावताना ती शेवटी लावा. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो.

गाडीची अर्थ कोणती आहे तेही आत्ताच पाहा. साठच्या दशकापर्यंतच्या इंग्रजी धाटणीच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. साध्या बल्बला याने काही फरक पडत नाही, पण एलईडी, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि रेडिओ यांना पडतो. खाली सगळीकडे निगेटिव्ह अर्थ धरली आहे. पॉझिटिव्ह असेल तर मीटरच्या तारा उलट धरा. काही जुन्या जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असते. तिथे क्रम तोच, आकडे निम्मे, आणि खराब सांध्याचा त्रास दुप्पट.

१ – लक्षणं कागदावर लिहा

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं द्या. गाडी सावलीत उभी करून एकेक दिवा लावा आणि काय होतं ते लिहा. पार्किंग, डिपर, अप्पर (लांबचा झोत), डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक, नंबर प्लेट, मीटरमधले दिवे. मग दोन-दोन एकत्र: पार्किंग लावून ब्रेक दाबा, डिपर लावून इंडिकेटर द्या. खरी माहिती या दुसऱ्या फेरीत मिळते.

ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा उजळण्याऐवजी मंदावला, किंवा इंडिकेटरच्या ठोक्याबरोबर पार्किंगही लुकलुकू लागलं, तर त्या कोपऱ्याची अर्थ गेली आहे. करंटला बॉडीत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या फिलॅमेंटमधून उलटा फिरून दुसरीकडची बॉडी गाठतो. अशा वेळी स्विच उघडू नका, थेट चौथ्या पायरीवर जा.

एकच दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्याची एकट्याची वायर. एका बाजूचे सगळे मंद असतील तर त्या बाजूची अर्थ. दोन्ही हेडलाइट सारखेच मंद असतील तर सामाईक वाट: स्विच, डिपर स्विच, अँमीटर (डॅशबोर्डवरचा करंटचा काटा), बॅटरीची टोकं. खड्ड्यात बसलं की विझतात, हात मारला की पेटतात, तर लूज कनेक्शन. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, तर शॉर्ट.

गाडी उभी असताना दिवे मंद आणि रेस केल्यावर तेज, हे डायनॅमोच्या, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जुन्या जनरेटरच्या, गाडीत ठरावीक मर्यादेत चालायचंच. आयडलला डायनॅमो काहीच देत नाही, दिवे निव्वळ बॅटरीवर चालतात. त्यासाठी डायनॅमो उघडायला देऊ नका.

२ – बॅटरी आणि तिची टोकं

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच मीटर लावा, क्लॅम्पवर नाही. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं चुकतील.

आता हेडलाइट लावा. एक तार खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर. काटेकोर शून्य दिसायला हवं. ०.१ दिसलं तरी क्लॅम्प काढा, आतली पांढरी पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पाणी सेलच्या भोकांत जाऊ देऊ नका, पॉलिश पेपर मारा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी लावून क्लॅम्प बसवायची पद्धत चुकीची आहे. धातूला धातू भिडल्यावरच लेप.

इंजिन चालू करून मध्यम रेसवर, साधारण २००० आरपीएमला, खुंट्यांवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. १५ च्या पुढे गेला तर चार्जिंग आवाक्यात ठेवणारा कटआउट-रेग्युलेटर बिघडला आहे. 'बल्ब टिकतच नाहीत' या तक्रारीचं हे एक मोठं कारण. तो दुरुस्त होईपर्यंत नवे बल्ब लावू नका.

> तपासणी: रात्रभर उभ्या गाडीत १२.४ च्या वर, खुंटी ते क्लॅम्प शून्य, रेसवर १३.८ ते १४.४. हे तीन आकडे मिळाले की पुढे चला.

३ – बल्ब आणि होल्डर

बल्ब हातात घेऊन डोळ्यांनी पाहू नका. तुटलेलं फिलॅमेंट कधी टेकून उभं राहतं आणि चांगलं दिसतं. थेट बॅटरीवर लावून पेटवा.

मागच्या दिव्यात ब्रेक आणि टेल असे दोन फिलॅमेंट असलेला २१/५ वॅटचा बल्ब असतो. त्याच्या दोन खिळ्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच दिशेने बसतो. जोर करून उलटा बसवला की टेल लाइट ब्रेक लाइटसारखा भगभगतो आणि ब्रेक दाबल्यावर फारसा फरक दिसत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक-फिलॅमेंट बल्ब त्याच होल्डरमध्ये कोंबणारेही भेटतात. त्याचा एकच संपर्क होल्डरच्या दोन्ही खिळ्यांना टेकतो आणि ब्रेक दाबला की पार्किंग पेटतं.

हेडलाइटमध्ये आणखी एक घोळ आहे. जुन्या रिफ्लेक्टरला पी-४५-टी बैठकीचा ४५/४० वॅटचा बल्ब लागतो, हॅलोजनच्या एच-४ ची बैठक पी-४३-टी. दिसायला जवळपास सारख्या, पण एकमेकींत बसत नाहीत. कानस मारून किंवा टेपचे वेढे देऊन बसवलेला बल्ब केंद्रातून सरकतो आणि प्रकाश रस्त्याऐवजी झाडावर जातो. हॅलोजन हवा असेल तर त्याच बैठकीचा ७ इंची रिफ्लेक्टर घ्या. अ‍ॅम्बेसिडर आणि पद्मिनी, दोन्हींचे गोल हेडलाइट ७ इंचीच आहेत. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाशी काच तापून फुटते.

होल्डर पॉलिश पेपरने आतून घासा, तळाची स्प्रिंग दाबून पाहा. मऊ पडली असेल तर होल्डरच बदला. रिफ्लेक्टरचा चंदेरी लेप मात्र पुसू नका. फडक्याने नुसता हात फिरवला तरी तो निघतो. बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळूनही उजेड कमी असेल आणि रिफ्लेक्टर आतून करडा दिसत असेल, तर वायरिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

४ – अर्थ: इथे वेळ घालवा

दिव्यातून गेलेला करंट बॅटरीकडे परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. होल्डर ते दिव्याची वाटी, वाटी ते मडगार्ड, मडगार्ड ते चासी, चासी ते बॅटरी. या प्रत्येक ठिकाणी नटबोल्ट आहे, आणि प्रत्येक नटबोल्टाखाली चाळीस वर्षांचे रंग, डांबरी लेप आणि गंज आहे. गाडी नव्याने रंगवून आणल्यावर दिवे मंद झाले तर कारण बहुधा हेच: रंगाऱ्याने मनापासून काम केलं आणि बोल्टाखालीही रंग गेला.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून अर्थ तपासणं ही सगळ्यात फसवी सवय. वीस तारांतली एक शाबूत असली तरी मीटर शून्याजवळ दाखवतो. हेडलाइट लावल्यावर त्या एका तारेतून पाच अँपिअर जाणार असतात. म्हणून माप नेहमी दिवा पेटलेला असताना, व्होल्टमध्ये घ्यायचं:

१. डिपर लावा. इंजिन बंद.

२. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर पक्की अडकवा. मगरचिमट्याची लांब वायर इथे उपयोगी.

३. लाल तार बल्बच्या अर्थच्या पात्यावर टेकवा. आकडा लिहा.

४. आता लाल तार बॅटरीच्या दिशेने एकेक टप्पा आणा: दिव्याची वाटी, मडगार्डचा बोल्ट, चासीचा बोल्ट, बॅटरीच्या अर्थ केबलचं बॉडीकडचं टोक.

०.२ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा अचानक पडतो तिथेच बिघाड आहे. समजा वाटीवर ०.९ आणि मडगार्डवर ०.१ आले, तर वाटी आणि मडगार्ड यांच्यामधला स्क्रू उघडा, बाकी काही उघडू नका. टोक टेकवताना रंग खरवडून उघड्या धातूवर टेकवा, नाहीतर आकडाच येणार नाही.

खात्री करायची असेल तर दिवा पेटलेला ठेवून एक जाड वायर बल्बच्या अर्थच्या पात्यापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. उजेड उसळला, तर संशय संपला.

दुरुस्ती: बोल्ट काढा, दोन्ही पत्रे चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मग व्हॅसलीन किंवा ग्रीस. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून १.५ चौ. मिमीची स्वतंत्र काळी वायर काढून चासीवरच्या एकाच स्वच्छ बोल्टवर आणणं, पुढे एक बोल्ट आणि डिकीत एक. मडगार्डच्या पत्र्यावर विसंबायची गरजच राहत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात वापरायच्या गाडीला तर हे आधीच करून घ्यावं.

इंजिन ते बॉडी ही विणलेली पट्टीही पाहा. ती तुटली असेल तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. दिव्यांशी याचा संबंध नाही असं वाटतं, पण डायनॅमोही इंजिनावरच बसलेला असतो.

पुरात बुडालेल्या गाडीसाठी

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून फिरतात, विकल्याही जातात. कृष्णेचा गाळ बुलेट कनेक्टरच्या (दोन वायरी जोडणाऱ्या पितळी खटक्याच्या) रबरी नळीत वाळून बसतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि पितळेवर हिरवी पूड चढवतो. वरून वायर ठणठणीत दिसते. अशा गाडीत चासीच्या कडेने जाणारा प्रत्येक सांधा उघडा. प्रेशर वॉशर मारू नका, पाणी आणखी आत जातं. ब्रश, स्वच्छ पाणी, दोन दिवस ऊन, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. वायरीचं टोक सोलून तांबं पाहा. काळं असेल तर दोन-दोन इंच मागे कापत जा. अर्धा फूट कापूनही काळंच निघालं तर ती वायर पूर्ण बदला. काळ्या तांब्यावर डाख धरत नाही आणि क्रिम्पही टिकत नाही.

> तपासणी: चारही कोपऱ्यांत, दिवा पेटलेला असताना, अर्थकडचा आकडा ०.२ च्या आत. एकही कोपरा राहिला असेल तर पाचव्या पायरीवर जाऊ नका.

५ – सप्लायची बाजू

पद्धत तीच, उलट्या बाजूने. लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, काळी तार बल्बच्या सप्लायच्या पात्यावर, डिपर पेटलेला. आलेला आकडा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून द्या. न छेडलेल्या जुन्या गाडीत दीड-दोन व्होल्टही निघतात.

दीड व्होल्ट किरकोळ वाटतात, पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी वेगाने होतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के जातो. १५ टक्के घटलं की ४० टक्क्यांहून जास्त. म्हणूनच १००/९० चा बल्ब हा उपाय नाही. ६० वॅटची जोडी १० अँपिअर ओढते, १०० ची जवळपास १७. त्याच खराब सांध्यावर आता जास्त व्होल्ट गळतात आणि उष्णता पावणेतीनपट होते. शिवाय लुकास या इंग्रजी कंपनीच्या सी-४० डायनॅमोची झेप २२ अँपिअरच्या आसपास. १७ हेडलाइटलाच दिले तर कॉइल, वायपर आणि मागचे दिवे यांना बॅटरीच खाऊ घालते.

काळी तार टप्प्याटप्प्याने मागे आणा: डिपर स्विचचं बाहेर जाणारं टोक, आत येणारं टोक, मुख्य स्विचचं बाहेर जाणारं, आत येणारं, अँमीटर असेल तर त्याची दोन्ही टोकं. आकडा जिथे उडी मारतो तो भाग दोषी.

अ‍ॅम्बेसिडरमध्ये लुकास पद्धतीचे रंग शाबूत असतील तर काम सोपं होतं. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, कायम जिवंत, बिनफ्यूजची. निळी मुख्य स्विचपासून डिपर स्विचपर्यंत. निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर. लाल पार्किंग आणि टेलची. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली. हिरवी-जांभळी ब्रेक लाइट, हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. काळी अर्थ. पद्मिनीचं वायरिंग फियाटचं, तिथे हे रंग लावू नका. आणि कुठल्याही गाडीत मध्येच पिवळ्या-लाल घरगुती वायरीचे तुकडे दिसले तर रंगांवरचा विश्वास तिथेच संपवा.

> सावधान: तपकिरी वायर हाताळायची असेल तर बॅटरी सोडवूनच. लुकासच्या बऱ्याच जुन्या मांडणीत हेडलाइटलाही फ्यूज नसतो. तिथे वायर उघडी पडून बॉडीला लागली तर उडायला काही नाही, जळायला पूर्ण वायरिंग आहे.

६ – स्विच

जुन्या अ‍ॅम्बेसिडरचा डिपर स्विच क्लचच्या डावीकडे, पायाशी. ओले बूट, ओलं मॅट, त्याखाली साचलेला चिखल: याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. स्विचचे दोन स्क्रू काढा, खालच्या तीन वायरींचे फोटो घ्या आणि मगच सोडवा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस-तीस वेळा दाबा. आकडा ०.२ च्या वर राहिला तर बदला.

मुख्य स्विच किंवा स्टिअरिंगवरचा कॉम्बिनेशन स्विच पाच मिनिटं डिपर लावून हाताने चाचपा. गरम लागत असेल तर आतली पाती झिजली आहेत. घासून थोडे दिवस निघतात. नवा स्विच बसवून भार तसाच ठेवलात तर तोही वर्षभरात त्याच वाटेने जाईल. स्विच बदलायचा असेल तर नववी पायरी त्याच दिवशी करा.

७ – फ्यूज उडतो तेव्हा

आधी फ्यूज योग्य आहे का ते पाहा. पद्मिनीत दोन्ही टोकं निमुळती असलेले चिनीमातीचे फ्यूज असतात: पांढरा ८ अँपिअर, लाल १६. त्यांचा खरा त्रास उडण्याचा नसतो, टोकांना गंज चढण्याचा असतो. बोटाने जागच्या जागी फिरवला आणि दिवा पेटला, तर फ्यूज चांगला आहे, धरणारी पितळी पाती घाण आहेत. घासा आणि किंचित आत वाकवा.

लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो उडण्याचा आकडा आहे, सतत झेपणारा भार १७ अँपिअरच. हल्लीच्या पातेवाल्या फ्यूजवर सतत झेपणारा भार लिहितात. जुन्या ३५ च्या जागी नवा ३० किंवा ३५ घातला तर वायर आधी जळते. १५ किंवा फार तर २० घाला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा घरातली फ्यूज तार गुंडाळणं म्हणजे फ्यूज काढून टाकण्यासारखंच.

शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढा. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पचे दोन चिमटे लावा आणि स्विच चालू करा. लॅम्प पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे, आणि लॅम्पमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून कितीही वेळ शोधता येतं. आता कनेक्टर एकेक करून सोडवा, वायरी हलवा. ज्या क्षणी लॅम्प विझतो तो तुकडा धरा. पाहायच्या जागा: पत्र्यातून वायर जिथे जाते तिथला फाटका रबरी ग्रोमेट, डिकीच्या बिजागरीजवळची वाकून-वाकून सोललेली वायर, गालिच्याखाली सीटच्या रुळाने चेपलेला भाग, आणि म्युझिक सिस्टिम बसवताना मारलेले स्क्रू.

८ – ब्रेक लाइट आणि इंडिकेटर

ब्रेक लाइटचा स्विच बऱ्याच जुन्या गाड्यांत पेडलवर नसून ब्रेक ऑइलच्या नळीवर असतो, दाबाने चालणारा. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा, चावी चालू ठेवा. दिवे पेटले तर स्विच गेला. बदलताना थोडं ब्रेक ऑइल गळतं आणि हवा शिरते, म्हणून नंतर ब्रेकची हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

इंडिकेटरचा जुना फ्लॅशर तापणाऱ्या तारेवर चालतो. त्याचे ठोके बल्ब किती करंट ओढतात त्यावर ठरतात. म्हणून एक बल्ब गेला, कमी वॅटचा बसवला किंवा अर्थ खराब झाली की वेग बदलतो किंवा दिवा पेटून तसाच राहतो. एलईडी लावल्यावर ठोकेच पडत नाहीत ते याच कारणाने. आधी चारही बल्ब २१ वॅटचे आहेत का ते पाहा, मग अर्थ, सगळ्यात शेवटी फ्लॅशर. आणि एलईडीच हवे असतील तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत साधा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालत नाही, जळूही शकतो.

९ – हेडलाइटला रिले

अर्थ ०.२ च्या आत आली, स्विच साफ झाले, तरी सप्लायच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर गळतच असेल तर वाटच लांब आणि बारीक आहे: बॅटरी ते डॅशबोर्ड, तिथून पायाशी, तिथून परत पुढे. रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, ही वाट आखूड करतो. स्विचमधून मग पाव अँपिअरसुद्धा जात नाही.

लागेल ते: १२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचे चार पायांचे दोन रिले होल्डरसकट, पाच फ्यूज होल्डर, २.५ आणि १.५ चौ. मिमी वायर. पाच पायांचा रिले मिळाला तर मधला ८७-ए हा पाय रिकामा सोडा. तो चुकून वापरला की स्विच बंद असताना दिवे लागतात.

१. बॅटरी सोडवा. रिले मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, पाय खाली करून बसवा. पाय वर असले तर पावसाचं पाणी आत साचतं.

२. पॉझिटिव्हकडून प्रत्येक रिलेच्या ३० नंबरला २.५ ची वायर.

३. प्रत्येक रिलेचा ८५ नंबर स्वच्छ अर्थ बोल्टवर.

४. हेडलाइटकडे येणारी जुनी डिपरची वायर पहिल्या रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. दोन हेडलाइटपैकी एकाच्या वायरी पुरतात. दुसऱ्याच्या टोकांना स्लीव्ह चढवून बांधून ठेवा, कापू नका.

५. ८७ नंबरवरून डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळ्या १.५ च्या वायरी, प्रत्येकीत १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज. दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर ठेवले तर तो उडताच दोन्ही जातात. ऊसहंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्या समोर असताना ते परवडणारं नाही.

६. बॅटरीपासून फुटाच्या आत एक ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज. तो नसेल तर रिलेपर्यंतची जाड वायर बिनसंरक्षणाची राहते.

गाडीत अँमीटर असेल तर ३० नंबरचा सप्लाय बॅटरीवरून न घेता अँमीटरच्या पलीकडून, रेग्युलेटरच्या बाजूने घ्या. बॅटरीवरून घेतला तर हेडलाइटचा करंटही अँमीटरला चार्जिंगच वाटतो, काटा रात्रभर उजवीकडे राहतो आणि रेग्युलेटर विनाकारण बदनाम होतो.

सांधे पिळून टेप लावू नका. लग क्रिम्प करा, ओढून पाहा, वर स्लीव्ह.

> तपासणी: डिपर पेटवून बॅटरीवरचा आणि बल्बच्या दोन पात्यांमधला आकडा घ्या. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. अप्परला पुन्हा घ्या. अर्धा तास दिवे लावून ठेवा आणि प्रत्येक सांधा चाचपा. कोमट चालेल, चटका नको.

१० – दिव्यांची दिशा, सगळ्यात शेवटी

उजेड पुरेसा आला की मगच दिशा. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी साधारण निम्मी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. दोन्ही हेडलाइटच्या मध्यबिंदूंच्या उंचीची आडवी रेघ भिंतीवर खडूने काढा, आणि प्रत्येक दिव्यासमोर उभी खूण. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या आडव्या रेघेच्या ५ ते ६ सेंटिमीटर खाली यायला हवी. एक दिवा झाकून दुसरा लावा, दोन्ही एकदम जुळवू नका. वरचा स्क्रू उंचीचा, बाजूचा डाव्या-उजव्याचा. मागची पाटापाती (स्प्रिंगचे पट्टे) बसलेली असेल तर गाडीचं तोंड वर होतं आणि कितीही स्क्रू फिरवले तरी माणसं बसल्यावर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पंधरा वर्षांवरची गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी साताऱ्याला, कराडला किंवा सांगलीला परिवहन कार्यालयात न्यायची असेल तर आदल्या संध्याकाळी पहिल्या पायरीवरची दोन्ही फेऱ्यांची यादी पुन्हा एकदा पुरी करा. नंबर प्लेटचा दिवा आणि मागचे रिफ्लेक्टर लोक हमखास विसरतात. सोबत गाडीत २१ वॅटचे दोन आणि २१/५ चा एक बल्ब, चार फ्यूज आणि टेस्ट लॅम्प ठेवा.